सतरंजीखालचे रबर

सावळेरामांनी सतरंजीखाली घालायच्या अस्तराचा तिसरा तुकडा दुकानाच्या फरशीवर टाकला, घरून आणलेली सतरंजी त्यावर पसरली आणि मधोमध टाच रोवून अंगाला हिसका दिला. सतरंजी वीतभर सरकली.

"काका, त्यापेक्षा हा फोम घ्या," नुमान गल्ल्यावरून म्हणाला. "लई खपतो. गादीवर चालल्यावानी वाटतं."

"गादी झोपायला असते. इतक्या पातळ विणीखाली फोम घातला की पाऊल रुततं, चुणी पडते आणि तिच्यात अंगठा अडकतो. दुकान थाटण्याआधी एवढं तरी शिकायचं."

नुमानने जाळीचे प्लास्टिक पुढे केले. सावळेरामांनी ते दोन बोटांत धरून हुंगले आणि मेलेला उंदीर टाकावा तसे बाजूला टाकले. उन्हाळ्यात ते फरशीला चिकटून डाग पाडणार, हे ते शिकवत त्या तंत्रनिकेतनातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळले असते. अखेर मागच्या फळीवरून नैसर्गिक रबराचा पातळ, खरबरीत तुकडा निघाला. त्यावर सतरंजी जागची हलली नाही.

"बायकोसाठी हवंय," पैसे देताना ते म्हणाले. "नाहीतर जुन्नरपर्यंत आलो नसतो."

आळे गावातल्या घरी साळुबाई काठी धरून पलंगाच्या कडेला बसली होती. दोन महिन्यांपूर्वी ती याच खोलीत पडली, तेव्हा सतरंजीचा कोपरा दुमडलेला सापडला होता. खुब्याची शस्त्रक्रिया झाली. पुन्हा पडली तर अंथरुणच धरील, असे डॉक्टरांनी बजावले होते. आज ती पहिल्यांदा कुणाच्या आधाराविना, नुसत्या काठीवर दारापर्यंत जाणार होती.

"आप्पा, ती सतरंजीच गुंडाळून ठेवू ना," मुलगा आदेश म्हणाला.

"दाढ दुखली की जबडा काढायचा. तुमच्या ऑफिसात असंच चालत असेल."

"अवं, मी काय म्हणते..." साळुबाईने तोंड उघडले.

"घर्षणातलं तू काय म्हणणार? गप बैस."

तिने काठी दुसऱ्या हातात घेतली.

सावळेरामांनी रबर चारही बाजूंनी बोटभर आत कापले, म्हणजे सतरंजीची कड फरशीला सपाट टेकावी. सतरंजी अंथरली. तिच्या मधोमध उभे राहून टाच रोवली आणि मुलाकडे विजयाने पाहिले.

"ये आता."

साळुबाई उठली. काठी टेकत सतरंजीच्या कडेपर्यंत आली, थांबली आणि भिंतीकडे वळली. भिंत आणि सतरंजी यांच्यामध्ये चकचकीत फरशीची अरुंद पट्टी उघडी होती. भिंतीला तळवा लावून, आडवी पावले टाकत, ती त्या पट्टीवरून निघाली.

"अगं, तिकडून कुठं? वरून ये!"

"वरून कवा आले व्हते मी?" तिने मान वळवली नाही. "तुमच्या आईची लुगडी इणलीत त्यात. पावणं आलं तर बसत्याल. सुनंनं पाय कसा द्यावा?"

"मग त्या दिवशी, आई?" आदेशने विचारले.

"हितंच तर घसरले. पडताना कोपरा हाताला लागला, तो वढला. सांगतच व्हते मी."

सावळेरामांची टाच अजून रोवलेलीच होती. तिच्याखाली विटलेला हिरवा काठ होता. त्यांनी ती अलगद उचलली आणि पत्नीच्या मागे भिंतीलगतच्या फरशीवर पाऊल ठेवले. हात आपसूक भिंतीकडे गेला.

मागे सतरंजी तसूभरही हलली नाही.