बोटभर जास्त

मास्तरांनी लाटलेल्या मैद्यावर वाटी उपडी घातली, तिच्याभोवती सुरी फिरवली आणि विसावी चकती लेकीपुढे सरकवली. सफरचंदाचं सारण ढवळता ढवळता लेकीने वळून पाहिलं आणि चमचा हातातच राहिला.

"बाबा! वाटीला लावून कापा म्हटलं होतं ना? बोटभर मोठ्या आहेत सगळ्या!"

"मग? शिलाईला माया नको सोडायला?"

लेकीने कपाळाला हात लावला. चार वाजता कॅफेवाल्या बाई तिच्या सफरचंदाच्या पेस्ट्रीची चव बघायला येणार होत्या. आवडलं तर रोजची मागणी, नाहीतर चार महिन्यांची सगळी मेहनत घरच्यांच्याच पोटात. त्यात आजवर तिची एकही खेप धड उतरली नव्हती. ओव्हनमध्ये कडा उकलायच्या आणि सारण ट्रेवर वाहून करपायचं.

मास्तरांनी चाळीस वर्षं कपडे शिवले. शिलाई अशी, की कापड विरेल पण टाका सुटणार नाही. मात्र सांगितल्या दिवशी कपडा मिळाल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. नजर अधू झाली तसं दुकान बंद झालं, टेप खुंटीला लागली आणि मास्तर खुर्चीला. चकत्या कापायला लेकीने त्यांना बसवलं ते केवळ जीव रमावा म्हणून.

"आता पुन्हा लाटायला वेळ नाही," ती रडकुंडीला आली. "लोणी वितळतंय."

"रडतेस काय? तू सारण भर. कडा मी बघतो."

त्यांनी चकती दुमडली, जास्तीची कड आत वळवली, पुन्हा वळवली आणि अंगठ्याने दाबत नेली. पँटची तळपट्टी दुमडावी तशी. नजर भिंतीकडे होती; बोटं चुकत नव्हती. लेक बघतच राहिली.

मग दोघंही ओव्हनपुढे फरशीवर बसली.

"गळलं का गं?" मास्तरांना काचेतलं धूसर दिसत होतं.

"नाही."

"आता?"

"नाही हो बाबा! फुगल्यात, सोनेरी झाल्यात, आणि एकसुद्धा फुटली नाही!" तिने त्यांचा खांदा गदागदा हलवला. मास्तरांना हसू आवरेना.

बाई चारच्या ठोक्याला आल्या. एक खाल्ली, दुसरी उलटूनपालटून पाहिली.

"थेंबभरही सांडलं नाही. कडांना कुणाचा हात?"

लेकीने बाबांकडे बोट दाखवलं.

"सोमवारपासून रोज लागतील, काका. मिळतील?"

"बुधवारी या," मास्तर सवयीने बोलून गेले.

लेकीने डोळे वटारले. बाईंचा चेहरा पडला. मास्तर उठले, चाचपडत खुंटीपाशी गेले आणि टेप काढून गळ्यात घातली.

"नाही नाही, सोमवारी," ते म्हणाले. "सकाळी आठला. तयार असतील."