‘आलोच’ म्हणून गेलेले हाफिजभाई

मी एक जुनी घोडी आहे, मित्रांनो. नाव चांदणी. वडूजचे कितीतरी नवरदेव माझ्या पाठीवरून मांडवात गेले. वर फेटा ऐटीत असायचा. खाली गुडघे माझ्या बरगड्या धरून थरथरायचे. माणूस वरून कसा आणि खालून कसा, हे मला तेव्हापासून कळते.

बँडच्या दणदणाटात शांत उभे राहणे मात्र मी आईच्या पोटातून शिकून आले नव्हते. ते माझे मालक हाफिजभाई यांनी शिकवले. दारातल्या कडुलिंबाला ते मला बांधत. दोर आखूड आणि उंच, म्हणजे पाय अडकायला नको. “थांब बेटा, आलोच,” म्हणत आणि ओट्यावर जाऊन खोकत बसत. मी खूर आपटायची, दोर ताणायची. ते ढिम्म!

शेजारचे नाथाजी चेष्टा करीत, “हाफिजभाई, घोडीला बांधलंय का तुमालाच?”

“दोघास्नी बी. ती वढतीय तवर मी उठायचा न्हाई.”

आणि खरेच, मी मान खाली सोडली की ते उठत, दोर सोडत, भाकरीचा तुकडा देत. पुढे पुढे ते नजरेआडही जाऊ लागले. पण ‘आलोच’ म्हटले की येतच. त्या एका शब्दावर मी फटाकेसुद्धा सोसले.

आमच्या दावणीला तुफान नावाचे तरणे शिंगरू होते. खुंटे उपटणे हाच त्याचा धंदा. वैतागून हाफिजभाईंनी त्याला विकायला काढले. बाजाराच्या दिवशी मलाही सोडले, तेव्हा त्यांच्या बायको शमशादभाभी म्हणाल्या, “आवं, चांदणीला कशाला नेताय?”

“सोबतीला गं. ती असली की त्यो जरा गप ऱ्हातो.”

कसला गप! बाजारात त्याने लाथा झाडल्या आणि गिऱ्हाईक पांगले. मी शेजारी शांत. महाबळेश्वरला पाहुण्यांना घोड्यावर फिरवणारे नानासो तिथे थांबले. त्यांनी माझ्या कानाशी जोरात टाळी वाजवली. मी पापणीही हलवली नाही. तिथेच चुकले!

“ही द्या. लय गरीब घोडी हाय.”

“ती इकायची न्हाई.”

“मग ह्ये वादळ कोण घेतंय, गड्या? आज मोकळ्या हातानं जाशील.”

हाफिजभाई बराच वेळ माझ्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी मला खांबाला बांधले. दोर आखूड आणि उंच. “थांब बेटा, आलोच.” आणि तुफानला घेऊन ते घरच्या वाटेला लागले. खोडकराला घर मिळाले, शहाणीला गिऱ्हाईक.

मी उभी राहिले. दोर ताणला नाही, खूर आपटला नाही. गप राहिले की येतात ना! नानासोंनी दोर सोडला तरी मी हलेना.

“काय शिकवलीय, बगा!” ते कौतुकाने म्हणाले.

नानासो वाईट नाहीत, मित्रांनो. चारा वेळेवर असतो, जीनखाली मऊ घोंगडी असते. पण अजून खालच्या वाटेने कुणी खोकत आले, की माझे कान आपोआप टवकारतात.

तुम्ही माणसे निघताना ‘जातो’ म्हणत नाही. अशुभ नको म्हणून ‘येतो’ म्हणता. आपापसात खुशाल म्हणा. आम्हा मुक्या जिवांना मात्र परत येणार असाल तरच तसे सांगा. दोर काय, कुणीही सोडवतो. ‘आलोच’ सोडवायला ज्याने बांधले, त्यालाच यावे लागते.