चंद्रीची पावाडै

दिवाळीला आमच्या घरात पहिला कपडा घेतात तो चंद्रीसाठी. चंद्री म्हणजे चंद्रमती, माझी धाकटी बहीण. आठव्या वर्षी, ऐन दिवाळीच्या सकाळी गेली, त्याला यंदा सेहेचाळीस वर्षं झाली. तंजावुरात राहून शेजारच्या घरांची एक रीत आम्हीही उचलली. लग्नाआधी गेलेली मुलगी घराची देवी होते. तिच्यासाठी कोरी रेशमी पावाडै, म्हणजे परकर-पोलकं, आदल्या दिवशी देवघरातल्या पेटीत ठेवायची आणि दिवाळीच्या सकाळी काढून घरातल्या मुलीला घालायची.

यंदा ती मुलगी म्हणजे हरिता, माझे थोरले भाऊ अप्पाजी, म्हणजे आमचे अण्णा, यांची नात. सात वर्षांची आहे. तिला कुकरची शिट्टी सोसत नाही. कपड्याची शिवण टोचली तर अंगावरचं ओरबाडून काढते. बोलते अगदी थोडं. मद्रासच्या डॉक्टरांनी याला काहीतरी इंग्रजी नाव दिलं. तिच्या आईनं, वाणीनं, ते चिठ्ठीवर लिहून आणलं. अण्णांनी चिठ्ठी न वाचताच परत दिली. नवरात्रात पोरीनं जरीचं पोलकं फाडलं, तेव्हा त्यांचं निदान होऊन गेलं. चंद्री अंगात येते. दिवाळीला पावाडै मुकाट्यानं नेसली तर ठीक, नाहीतर नदीपलीकडच्या एका देवळात अठ्ठेचाळीस दिवस ठेवायचं. तिथं अशांना खांबाला बांधतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

बाप श्रीहर्ष मद्रासला परदेशी कंपनीत. त्यानं लेकीला भेट आणली ती सायरन वाजवत लाल दिवा फिरवणारी बॅटरीची गाडी. हल्ली दुकानांत काय हवं ते मिळतं, अक्कल तेवढी मिळत नाही. हरिता दोन तास खाटेखाली बसून होती.

पावाडै निवडायचं काम आई गेल्यापासून माझ्याकडं. लग्न केलं नाही, या घरातच राहिले, म्हणून असली कामं भवानीची, म्हणजे माझी. आदल्या संध्याकाळी त्या पेटीतून रेशमाची सळसळ ऐकू येते. आई म्हणायची, पोर नेसून पाहतेय. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण मलाही ऐकू येते. आणि ती नेसण्याची नसते. अंगावरचं काढायची धडपड असते ती. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

या वर्षी हरितालाच घेऊन कीळवासलच्या दुकानात गेले. विक्रेत्यानं मोरपंखी, कुंकवी, सगळं रेशीम पुढ्यात पसरलं. हरितानं एका काठाला बोट लावलं आणि चटका बसावा तसं मागं घेतलं. मग ती सरळ गादीवर चढली, धुऊन धुऊन विरलेल्या चादरीवर गाल टेकून डोळे मिटून पडली. चंद्री आईच्या जुन्या साडीत अशीच तोंड खुपसायची. चंद्रीच्या मानेवर जरीनं उठायचा तसाच चट्टा, त्याच जागी, मला हरिताच्या मानेवर दिसला. विक्रेता म्हणाला, दर वर्षीसारखी लाल देऊ का? मी नको म्हटलं आणि रिकाम्या हातानं घरी आले.

आईची नऊवारी सुती साडी माझ्या ट्रंकेत होती. ती फाडून मी सैल फ्रॉक शिवला. हूक नाही, जर नाही, सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला. तोच फ्रॉक पेटीत ठेवला. त्या संध्याकाळी देवघराच्या दाराशी कान लावून बसले. आत काही हललं नाही.

सकाळी न्हाणं झालं. बाहेर फटाके सुरू झाले होते, वाणीनं हरिताच्या कानांत कापूस घातला. अण्णांनी पेटी उघडली आणि तो फ्रॉक दोन बोटांनी उचलला.

"भवानी, हे काय ठेविलीस? देवीला फडकं?"

"आईची साडी अहे, अण्णा."

"चंद्रीला राग येईल."

"तो आलेलाच असणार. तिला जे सोसत नव्हतं तेच देत आलो आपण, इतकी वर्षं."

ते म्हणाले, मेलेल्या मुलीचं मन तुला कसं ठाऊक? त्यांचा आवाज चढला होता. वाणीनं हरिताला जवळ ओढलं. मग मी त्या सकाळचं, आजवर न सांगितलेलं, सांगितलं.

"मी हात धरले होते तिचे. आई पोलक्याचे हूक लावीत होती, ती 'टोचतं, टोचतं' म्हणत होती, आणि मी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. हात सोडले तशी ती घरामागच्या विहिरीकडं पळाली."

"ती घसरली," अण्णा म्हणाले.

"पावाडै विहिरीच्या काठावर होती. पाण्यात जायच्या आधी काढून टाकली तिनं. तुम्हीच ती उचलून आणलांत."

अण्णा खाली बसले. फ्रॉक त्यांच्या मांडीवर होता. बराच वेळ ते त्याच्या बाहेर काढलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले. सत्तरीला आलेला माणूस, त्यांना असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि स्वतःची चीडही आली, की हे सांगायला मला एवढी वर्षं लागली.

शेवटी त्यांनी फ्रॉक माझ्याकडं दिला.

मी हरितासमोर बसले. तिनं कापड हुंगलं, गालाला लावून पाहिलं. मग दोन्ही हात माझ्यापुढं केले, घाल म्हणून. ती बारीक मनगटं पकडायचं धाडस मला होईना. मी नुसता फ्रॉक पसरून धरला आणि थांबले. हात तिनं स्वतःच घातले.