कापायला काढलेली वाघीण

मनकर्णाबाईने मालगाडीच्या जुन्या वाघिणीच्या टोकाच्या बफरवर तांब्यातलं पाणी ओतलं, पदराने ते लोखंड पुसून काढलं आणि खालच्या दगडावर पळसाचं पान मांडणार, तेवढ्यात पलीकडून कोणीतरी खेकसलं.

"ओ बाई! हटा तिथून. कापायचा सिलिंडर येऊन राहिला, दिसत नाही का?"

ओरडणारा ताराचंद होता, भंगाराच्या ठेकेदाराचा मुकादम. यार्डाच्या टोकाची ही जुनी लाइन कंडम वाघिणींनी कित्येक वर्षं भरून होती. चाकं रुळांना धरून गंजलेली, तळाच्या फळ्या सडलेल्या; चरायला येणाऱ्या बकऱ्यांशिवाय कोणी त्यांना विचारत नव्हतं. आता सगळी रांग कापायला काढली होती. टोकाचे दोन डबे कालच कापून झाले होते आणि त्यांची चाकं बाजूला उघडीबोडकी पडली होती.

मनकर्णाबाई काही हटली नाही. पान मांडलं, त्यावर भाकर आणि बेसनाचं चून ठेवलं आणि मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"मारा हाक."

रुपराव रेल्वेत शंटिंग जमादार होते. डबे ढकलायचे, जोडायचे, सोडायचे, यातच त्यांचा जन्म गेला. पोरालाही त्यांनीच खटपट करून यार्डातच हाताखालचा खलाशी म्हणून चिकटवलं, आणि चार वर्षांपूर्वी दोन डबे जोडताना तो बफरांच्या मधे सापडला. त्याच्या आधीची दोन लेकरं गेलेली, म्हणून यमाची नजर पडू नये असं हलकं नाव ठेवलं होतं, कवडू. पडायची ती पडलीच.

मुकादम बघत होता, त्यामुळे रुपरावांना कसंनुसं झालं. त्यांनी घसा खाकरला.

"कवडू. ये बाबा, जेव."

हाक कोरडी होती, हजेरी घेतल्यासारखी. रोज अशीच असायची. पोराला उचललं त्या दिवसापासून त्यांच्या आत काही हललंच नव्हतं. रडूही नाही, रागही नाही. घरात तर हे नाव त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. पण बायको म्हणायची की अशा मरणाने गेलेल्याला जागेवर जेवू घालावं लागतं आणि हाक बापानेच मारायची असते. म्हणून ड्यूटी सुटली की ते तिच्या मागे मागे यायचे, हाक मारायचे आणि घरी जाऊन झोपायचे.

ताराचंद जवळ आला. "काय आहे हे, काका?"

उत्तर मनकर्णाबाईने दिलं. "माझं पोरगं गेलं या डब्ब्यानं. हा कापू देणार नाही मी."

ताराचंदने डोक्याचा गमछा काढला. माणूस वाईट नव्हता बिचारा. "अरे राम. पण बाई, उद्या सकाळी याचाच नंबर आहे. हा सोडला तर मालक मले नाही सोडणार. पाहिजे तर बफर काढून देतो, घेऊन जा घरी."

"बफर काय चुलीवर ठेवू?" ती रुळावर बैठक मारून बसली. "उद्या मी इथंच बसून राहीन. आधी मले कापा."

ती बसली म्हणजे बसली, हे रुपरावांना पक्कं माहीत होतं. सकाळी गॅसच्या जाळासमोरूनही ही उठायची नाही. पोलीस येतील, तमाशा होईल, काहीतरी भलतंच होऊन बसेल. ताराचंद आपल्या माणसांकडे गेला तसे ते तिच्या शेजारी टेकले.

"घरी चाल वं."

"नाही."

"ऐक तं. हा तो डब्बा नाही."

तिने मान वळवली नाही. रुपरावांनी स्टेशनात रिपोर्ट द्यावा तशा आवाजात सगळं सांगून टाकलं. त्या डब्याला काही झालंच नव्हतं. धुतला आणि त्याच संध्याकाळी माल भरून इटारसीकडे रवाना केला. माणूस मेला म्हणून मालगाडी कोणी थांबवत नाही. दहाव्याच्या दिवशी तिने डब्बा दाखवा म्हणून हट्ट धरला, तेव्हा त्यांनी तिला इथे आणून समोर दिसला त्याच्यावर बोट ठेवलं. या लाइनीवरचे डबे कुठे जात नाहीत, दाखवलेला डबा दुसऱ्या दिवशी जागेवर सापडेल, एवढाच शंटिंगवाल्याचा हिशेब. उभा डबाही एक दिवस जातो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हणून म्हणतो, कापू दे. आपलं काही नाही त्यात."

मनकर्णाबाईने भाकरीवर बसू पाहणारा कावळा हाताने उडवला.

"ठाऊक आहे मले."

"काय ठाऊक आहे?"

"पहिल्याच दिवशी याच्या चाकातून बाभूळ आली होती, माझ्या मनगटाएवढी. चालत्या डब्ब्यात बाभूळ कशी येईन जी? येडी समजता काय मले?"

रुपराव तिच्याकडे बघतच राहिले. "मंग चार वर्षं काहून येऊन राहिली?"

"तुमी नाव घेत होते म्हणून." तिचा आवाज चढला नाही, उतरला नाही. "घरी त्याचं नाव निघालं की तुमी पायात चप्पल घालता. मले वाटे, पोरगं झालंच नव्हतं का काय आपल्याले. इथं तरी रोज एकदा बापाच्या तोंडून ऐकाले भेटे."

"पण हाक बापानंच मारायची असते, म्हणत होती ना तू?"

"तसं काही नसते. मीच काढलं ते."

पलीकडे कोणीतरी गॅस पेटवून पाहिला. निळा जाळ फुसफुसला आणि विझला. मनकर्णाबाई उठली. भाकरीसकट पान तिने दोन्ही हातांनी उचललं आणि ताराचंदजवळून जाताना म्हणाली, "कापा बाबू."

दोघं क्वार्टरवर आले. शेजारची सुभद्रा अंगणात तांदूळ पाखडत होती, तिनं विचारलं, आज लवकर परतले? मनकर्णाबाईने पान आपल्या उंबऱ्यावर ठेवलं आणि बाजूला उभी राहिली.

रुपरावांनी पायातल्या चपला काढल्या.

"कवडू," त्यांनी हाक मारली.

पुढचं त्यांना म्हणता येईना. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, दाराची चौकट धरली, पण शब्द काही बाहेर पडला नाही. सुभद्राचं सूप थांबलं.

"राहू द्या," मनकर्णाबाई म्हणाली. "आज एवढंच."