पोर्तोला न गेलेलं मुखत्यारपत्र

मी मुखत्यारपत्र बोलतोय. नाव भारदस्त, पण आहे मी एक साधा कागदच.

माझा जन्म बेंगळुरूत, एचएसआर लेआउटमधल्या एका नोटरीच्या टेबलावर झाला. मला करून घेतलं तिथंच राहणाऱ्या पद्मनाभकाकांनी. त्यांची लेक मुग्धा पोर्तुगालमध्ये, पोर्तो शहरात असते. तिच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर विकायला निघालं होतं. काकू गेल्यापासून काका एकटे. ते घर घ्यायचं आणि लेकीजवळ राहायचं, एवढंच त्यांच्या मनात. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे काही महिने विमानप्रवास बंद, म्हणून खरेदीच्या कागदांवर मुग्धानं त्यांच्या वतीनं सही करावी, असा अधिकार माझ्यात लिहिला. तिकडचा कर क्रमांक आला, बँकेत खातं उघडलं. आता माझ्यावर परराष्ट्र खात्याचा शिक्का बसला, की मी तिकडे चालणार होतो.

तिथंच माशी शिंकली. महत्त्वाचा कागद हाती आला, की आपल्या माणसांना तो जपल्याशिवाय चैन पडत नाही. मुग्धाच्या मार्कशीटपासून रेशनकार्डापर्यंत काकांनी सगळं लॅमिनेट करून ठेवलंय. मलाही मोठ्या मायेनं झेरॉक्सच्या दुकानात नेलं. मी चकचकीत होऊन बाहेर आलो आणि हरखलो की हो!

शिक्क्यांची कामं करून देणारा अजिंक्य निपाणीकडचा. मला पाहून त्याचा चेहराच पडला.

"काका, स्वल्प घोटाळा झालाय. प्लास्टिकवर शिक्का मारत नाहीत. दुसरा करायला पाहिजे."

"पाणीबिणी सांडेल म्हणून केलं रे," काका हळूच म्हणाले.

नोटरी नेमके गावाला गेलेले. दुसरा कागद होऊन शिक्क्यासाठी दिल्लीला पोचेपर्यंत घर विकणाऱ्यानं दिलेली मुदत टळली आणि घर भलत्याच कुणी घेतलं. त्या कागदात पत्ता त्याच घराचा, म्हणून तोही वाया गेला.

मुग्धा रागावली नाही. "बाबा, पुढच्या गल्लीत एक घर आहे. नवीन मुखत्यारपत्र करा ना," असं दर रविवारी फोनवर सांगते. काका कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणतात आणि नातीच्या शाळेचं विचारतात. चूक आपली, पोरीला पुन्हा कशाला दमवायचं, असं त्यांनी मनाशी धरलंय.

मी आता जेवणाच्या टेबलावर, त्यांच्या ताटाखाली असतो. पुसायला सोपा ना! ताट एकच. जेवताना काका बोलणार तरी कुणाशी? मला फार एकटं वाटतं, आणि त्यांना माझ्याहून जास्त.

माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तुमच्यापैकी कुणी कधी एचएसआरला त्यांच्याकडे गेलात, तर एवढं सांगा: काका, लेक बोलावतेय. जा.