सहा हजार नऊशे

मी एक जुनी गणनपट्टी आहे, मित्रांनो. बांबूचं अंग, मधोमध मागेपुढे सरकणारी पट्टी आणि वर केसाएवढी रेघ ओढलेली काच. गुणाकार-भागाकार करणाऱ्या तुमच्या खिशातल्या यंत्राची मी पणजीच म्हणा. मला फक्त बरोबर असायला शिकवलेलं आहे.

सुरुंगाची दारू बनवणाऱ्या कारखान्यात मी तीस वर्षं आप्पांच्या हातात होते. दारू किती घट्ट दाबली आहे, त्यावरून तिच्यातून स्फोट किती वेगानं धावेल, हे ती उडवण्याआधीच काढायचं, एवढंच आमचं काम. त्या आकड्यावरून चाचणीच्या खोलीतला पोलादी पडदा किती जाड हवा ते ठरे. साहेब म्हणत, "आप्पांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." ऐकून मी मनातल्या मनात फुगत असे.

मग आप्पांना मोतीबिंदू झाला. नोकरी जाईल या भीतीनं त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. माझ्यावरचे आकडे ते अंदाजानं वाचू लागले.

नियम असा, की दुसऱ्यानं पट्टी वाचून मगच सही करायची. दुसरा म्हणजे आप्पांचा जावई. चाचणीही तोच घेई. त्या सकाळी माझी रेघ सेकंदाला सहा हजार नऊशे मीटर दाखवत होती. आप्पांनी लिहिलं, पाच हजार नऊशे.

"जावईबापू, एकदा बघून घ्या."

"मामा, तुमचा आकडा मी तपासायचा? लोक जोड्यानं मारतील मला!" तो हसला आणि सही ठोकून मोकळा झाला.

जाड पडदा भिंतीशी टेकलेला राहिला, पातळ लागला आणि फाटला. जावई वाचला, पण त्याचे दोन्ही डोळे गेले.

चौकशीत आप्पा म्हणाले, "पट्टीची काच सरकली होती." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तोंड नाही. मला फार राग आला होता. पुन्हा कुणी तपासू नये म्हणून आप्पांनी मला पिशवीत घालून घरी आणलं.

लेकीनं मला बाहेर काढलं, रेघ नेमकी सातावर नेली आणि बापापुढे धरलं.

"वाचा, आप्पा."

"सहा."

ती रडली नाही. आठवड्याभरात तिनं त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. डोळ्यांवरची पट्टी सुटली तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "स्वच्छ दिसतंय ना आता? मग यांना रोज तुम्ही भरवायचं, समोर बसून. आणि खरं सांगायचं नाही. तुमच्यावरच्या विश्वासाशिवाय काही उरलं नाही यांच्याकडे."

आता मी खिडकीत पडून असते. आप्पा घास पुढे करतात. जावई तोंड उघडता उघडता म्हणतो, "मामा, त्या पट्टीनं घात केला हो. तुमची चूक होणंच शक्य नाही."

मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका. वडीलधाऱ्यांच्या हवं तर पाया पडा, पण त्यांनी सांगितलेला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तुम्हाला डोळे आहेत तोवर.