बत्ताशाचं बारसं

“सुई होईस्तोवर पिल्लू माणसांत काढू नका वहिनी,” असं जनावरांच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मी हसून म्हणाले होते, “डॉक्टर, आमचा बत्तासा गादीवरनं खाली उतरत न्हाय. त्याला काय हुतंय?”

खरं तर तो उतरत होता. मागच्या गेटच्या फटीतून बोळातल्या कुत्र्यांच्या नाकाला नाक लावत होता. एकदा तिथून केकाटत आत आला, तेव्हा कानामागचं ओलं मी फडक्यानं पुसलं आणि विसरून गेले.

तेव्हा डोक्यात क्लब होता. आपल्याकडं घरोघरी जो पांढरा, झुबकेदार शेपटीचा लहान कुत्रा दिसतो, त्याला सगळे पॉमेरियन म्हणतात. तो पॉमेरियन नव्हे, स्पिट्झ. इथल्या उन्हात, इथल्या भाकरीवर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला. त्याची वेगळी जात म्हणून नोंद व्हावी, कुणाची जोडी कुणाशी लावायची याला शिस्त यावी, यासाठी आम्ही कोल्हापुरात क्लब काढायला निघालो होतो. अध्यक्ष आदर्शदादा, आमच्याच गल्लीतले, गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकानदार. सचिव मी. स्थापनेच्या दिवशी भाषणं नकोत, क्लबच्या पहिल्या पिल्लाचं बारसं घालू, ही कल्पनाही माझीच. पाळणा माझ्या लेकीचा, शिवांजलीचा. ती आता तीन वर्षांची आहे.

सोसायटीचा हॉल भरला होता. सगळीकडं पांढरी लव उडत होती. त्या गर्दीत एक म्हातारी एकटीच, कुत्र्याशिवाय आली. हिरवं लुगडं, गळ्यात लिंग. शिरोळकडची, नाव चन्नम्मा.

“पेपरात आलंय न्हवं, पांढऱ्या कुत्र्यांचं मंडळ? माझी बुंदी म्हातारी झालीया, ती कुठली येतीय? म्हणून मीच आलो.”

सगळे लगेच तिला कानडी वळणानं अव्वा म्हणायला लागले. पाळण्यापाशी अडचण आली. पिल्लाच्या आया पुष्कळ, बापही पुष्कळ, आत्या कोण?

“मी होतो की आत्ती,” अव्वा म्हणाल्या आणि पदर खोचून पुढं आल्या.

आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं की मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आपली रीतच आहे. अव्वा पाळण्यात वाकल्या, “कुर्रऽऽ, बत्तासा!” म्हणाल्या, आणि आम्ही चार-पाच जणी तुटून पडलो. पहिला धपाटा माझा. पाळणा हिंदकळला, पिल्लू दचकलं आणि अव्वांच्या खालच्या ओठाला लोंबकळलं.

“आत्तीचा मुका घेतला की रं!” आदर्शदादा ओरडले. हॉल हसला. अव्वाही हसल्या. पदरानं रक्त टिपलं, कुणीतरी हळद दाबली. “आता काय, नातंच झालं,” म्हणाल्या, घुगऱ्या खाल्ल्या आणि गाडीला गेल्या.

थोड्याच दिवसांत बत्तासा कॉटखाली जाऊन बसला. बाहेर येईना. चटईचे दोरे चावून गिळायला लागला. त्याचा आवाज बदलला, कुणीतरी दुसरंच आतून बोलतंय असा. मग जबडा लोंबला, लाळ गळायला लागली. शिवांजलीचा गुडघा त्याच आठवड्यात खरचटलेला, आणि तो बत्ताशानं चाटलेला मी पाहिला होता.

डॉक्टरांनी हातमोजे घातले, लांबूनच बघितलं. “पोरीला घेऊन जा. आवराआवर नको, चहा नको. आत्ता.”

मी गुडघा साबणानं इतका घासला की पोर किंचाळली. मग सरकारी दवाखाना. तिला सुया, मला सुया. बत्तासा गेला. तपासणीत रेबीज निघाला. क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे सगळे सुयांच्या रांगेत उभे राहिले, पोरंबाळं घेऊन. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, सुया वेळेत झाल्यात, पोरीची काळजी नको. पण या रोगात पाणी गिळवत नाही, म्हणून मी अजून रोज सकाळ-संध्याकाळ तिला पेलाभर पाणी देते आणि घसा हलतो का बघते.

“आई, मला तहान न्हाई.”

“पी गं. माझ्यासाठी पी.”

रांगेत एकच माणूस नव्हतं. अव्वा ग्रुपवर नाहीत. पुतण्याचा, वीरेशचा, म्हणून त्यांनी तोंडी सांगितलेला नंबर अस्तित्वात नाही असं फोनवरची बाई म्हणते.

“पेपरात देऊ या,” मी आदर्शदादांना म्हणाले.

“वहिनी, डोकं ठिकाणावर हाय का? क्लब जन्मायच्या आधी मरंल. लोक घरातली पांढरी कुत्री रस्त्यावर सोडतील. पिल्लू पोटाच्या रोगानं गेलं म्हणा की. आणि म्हातारीला नखभर तर लागलं हुतं.”

“नखभर, पण ओठाला, दादा. डॉक्टर म्हणतात, चावा डोक्याच्या जितका जवळ तितका वेळ कमी.”

ते हळूच म्हणाले, “माझा मुका घेतला असता तर हसलो नसतो.” तरी पेपराला ते हो म्हणाले नाहीत.

माझे यजमान, पृथ्वीराज, कागलच्या कारखान्यातून रजा काढून आले. आम्ही शिरोळ भागातल्या जयसिंगपूरला गेलो. अव्वांचा फोटो मोबाईलवर होता: हसणाऱ्या, ओठावर हळद. स्टँडबाहेर माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपवाल्यांना दाखवला.

“चन्नम्मा? पावणं, शिरोळ तालुक्यात दगड मारला तर चन्नम्माला लागंल. आडनाव काय?”

आडनाव मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या एकानं फोटो जवळ घेतला. “ही न्हवं, कुत्रं मांडीवर घिऊन बसती ती? परवाच सोडली की मी. लेकीकडं गेली, कर्नाटकात.”

“कुठल्या गावाला?”

“ते कुठं सांगितलं? कुरुंदवाडात उतरली, फुडली गाडी धरली. कुत्रं बी संगं हुतं.”

“तोंडाचं काही म्हणत होत्या?”

“जखम वाळल्याली. पर वाटंत सारखी व्हट खाजवत हुती. का वो? काय झालंय?”

पृथ्वीराजनं माझा दंड धरला. मी तिथूनच जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “या रोगाची सुरुवात अशा खाजेनं होते. पण खपली धरताना पण खाजतं. शोधा.”

कुरुंदवाडातून रस्ते फुटतात. सगळ्या रस्त्यांना गावं आहेत, सगळ्या गावांत लेकी. आम्ही दोन गावं फिरलो आणि अंधार पडायच्या आत परतलो, कारण शिवांजली शेजाऱ्यांकडं होती आणि मला तिला पाणी पाजायचं होतं.

म्हणून आदर्शदादांना न विचारता हे लिहिते आहे. तुम्ही सीमेच्या अलीकडं असा की पलीकडं, तुमच्या गल्लीत कुणाकडं आई राहायला आली असेल, हिरव्या लुगड्यातली, मांडीवर म्हातारं पांढरं कुत्रं, खालच्या ओठावर खपली, तर आजच त्या घरी जा. कडी वाजवा. नाव चन्नम्मा आहे का विचारा आणि तसंच दवाखान्यात न्या. त्या हसतील, नखभर लागलंय म्हणतील. ऐकू नका. आणि गाडी येईपर्यंत त्यांच्या हातात पेलाभर पाणी द्या, आणि त्या पितात का ते तेवढं बघा.